सेंद्रिय कापूस आणि फेअर ट्रेड कापूस: दोन शिक्के, दोन वेगळ्या हमी

रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या दुकानात बाळासाठी झबले घेताना त्यावर ‘सेंद्रिय कापूस’ असे दिसले की शेतकऱ्याला भावही चांगला मिळाला असणार असे आपण धरून चालतो, आणि ‘फेअर ट्रेड’ असे वाचले की कापूस बिनरासायनिक असणार असे समजतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कोकणात कापूस पिकत नाही. इथला धुवांधार पाऊस आणि जांभ्याची जमीन त्याला मानवत नाही, तो विदर्भ-मराठवाडा-खानदेशातल्या काळ्या मातीचा. तरीही हा फरक आंबा बागायतदाराला चटकन उमगेल, कारण बाग कितीही निगुतीने राखली तरी वाशीला गेलेल्या पेट्यांची पट्टी किती रुपयांची येणार, हे बागेत ठरत नसते.

सेंद्रिय प्रमाणपत्र शेताची तपासणी करते. रासायनिक खते, रासायनिक कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे त्यात चालत नाही, आणि कापसात खरी अडचण या बियाण्याशीच येते. भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आता देशातल्या कापूसक्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. त्यामुळे बिगरबीटी बियाणे शोधण्यापासूनच कसरत सुरू होते, आणि पुढे जिनिंगमध्ये (सरकी वेगळी काढताना) दुसऱ्याचा कापूस मिसळणार नाही याची काळजी घ्यावी लागते ती वेगळीच. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांना साधारणपणे दोन वर्षांचा रूपांतरकाळ असतो (आंबा-काजूला तीन वर्षांचा). या काळात रसायने बंद झालेली असतात, उत्पादन घटण्याची शक्यता असते, पण माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. ती तूट कोणी भरून काढायची, याबद्दल प्रमाणपत्र काहीही सांगत नाही.

फेअर ट्रेडचा शिक्का व्यवहाराची तपासणी करतो. त्यात कापसाला किमान दर बांधून दिलेला असतो. बाजारभाव त्याहून वर गेला तर वरचा भाव द्यावा लागतो. शिवाय एक जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संघटनेकडे जमा होते आणि ती विहिरीवर खर्चायची की शाळेवर, हे सभासद सभेत ठरवतात. बालमजुरी आणि वेठबिगारीला बंदी असते. घातक कीटकनाशके वर्ज्य असली तरी सगळी रसायने वर्ज्य नसतात. जनुकीय बदल केलेले बियाणे मात्र इथेही चालत नाही, आणि बहुधा या साम्यामुळेच दोन्हींची गल्लत होते.

दोन्ही बाजू एकत्र सांभाळायच्या तर खरेदीदाराने आधीच शब्द द्यावा लागतो. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या कसरावद येथे ‘बायोरे’ या प्रकल्पातून ‘रेमेई’ ही स्विस कंपनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेतकऱ्यांकडून सेंद्रिय कापूस खरेदीची हमी देऊन घेते. ‘चेतना ऑर्गॅनिक’ या संस्थेचे काम २००४ मध्ये सुरू झाले, विदर्भ, तेलंगणा आणि ओडिशातल्या छोट्या शेतकऱ्यांना तिने सेंद्रिय आणि फेअर ट्रेड अशा दोन्ही वाटांवर नेले. माझ्या मते अनुदानापेक्षा अशी बांधील खरेदी अधिक मोलाची आहे, कारण रूपांतराच्या वर्षांत शेतकऱ्याला सगळ्यात जास्त भीती गिऱ्हाईक न मिळण्याची असते.

कपड्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय वस्त्रमानकात सूतगिरणीपासून शिलाईपर्यंतच्या कामगारांसाठी अटी आहेत, पण शेतकऱ्यासाठी किमान दर नाही. उलट फेअर ट्रेडचा केवळ कापसापुरता असलेला शिक्का शेतकऱ्याच्या दराची हमी देतो, कपडा शिवणाऱ्याबद्दल नाही. त्यासाठी त्यांचे वेगळे वस्त्रमानक २०१६ मध्ये आले. गॉट्सच्या लेबलावर प्रमाणन संस्थेचा उल्लेख आणि परवाना क्रमांक असावा लागतो. भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या व्यवहारांत बनावट प्रमाणपत्रे सापडल्याचे गॉट्सनेच २०२० मध्ये जाहीर केले होते, तेव्हा ‘१०० टक्के ऑर्गॅनिक’ या अक्षरांपेक्षा तो क्रमांक आधी पाहावा आणि गॉट्सच्या खुल्या यादीत तपासून घ्यावा.