मेटी नागरिकत्वाचा अर्ज: पात्रता, वंशावळ आणि कागदपत्रे

माझ्या सुनेचं माहेर सस्कॅचवनचं. 'आम्ही फ्रेंच' एवढंच तिने लहानपणापासून ऐकलेलं. पणजी कधीकधी भलतीच भाषा बोलायची, त्याबद्दल मात्र कोणी विचारलं की विषय बदलायचा. पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून मागे गेल्यावर उलगडलं, की हे घराणं रेड रिव्हरच्या, म्हणजे आजच्या विनिपेगच्या परिसरातल्या, मेटी लोकांचं. त्यानंतर मेटी संस्थेत नागरिक म्हणून नोंद होण्यासाठी अर्जाची सगळी खटपट आम्ही दोघींनी मिळून केली. कॅनडातल्या ज्या मराठी घरांत सून किंवा जावई अशा कुटुंबातले असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी मेटी म्हणजे कोण, हे नीट समजून घ्या. अर्ज बहुतेक इथेच अडतात. फरच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच व स्कॉटिश पुरुष आणि क्री, ओजिब्वे वगैरे मूळ रहिवासी समाजातल्या स्त्रिया यांच्या संततीने पुढे आपापसात लग्नं केली. त्यातून वेगळा समाज उभा राहिला. त्याची मिशिफ भाषा, गव्यांच्या सामूहिक शिकारीचे नियम, झेंडा, सगळं स्वतःचं. म्हणून सतराव्या शतकातली एखादी मूळ रहिवासी पूर्वज सापडली, एवढ्याने माणूस मेटी ठरत नाही. डीएनए चाचणीचाही इथे उपयोग नाही. पूर्वज त्या ऐतिहासिक समाजातलाच होता, हे कागदोपत्री दाखवावं लागतं.

कॅनडाच्या 1982 च्या राज्यघटनेतल्या कलम 35 मध्ये मेटींचा मूळ रहिवाशांमध्ये स्पष्ट उल्लेख आहे. 2003 मध्ये पौली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन कसोट्या सांगितल्या: स्वतःला मेटी मानणं, ऐतिहासिक मेटी समाजाशी वंशाचं नातं आणि आजच्या मेटी समाजाने आपलं म्हणणं. नोंदणीचे नियमही साधारण याच तीन गोष्टींभोवती आहेत.

अर्ज केंद्र सरकारकडे करायचा नसतो. मॅनिटोबा मेटी फेडरेशन, मेटी नेशन सस्कॅचवन, अल्बर्टाचं ओटिपेमिसिवाक मेटी सरकार, मेटी नेशन ब्रिटिश कोलंबिया आणि मेटी नेशन ऑफ ओंटारियो आपापल्या नोंदवह्या ठेवतात. साधारणपणे राहत्या प्रांतात अर्ज करतात, पण मॅनिटोबाची संस्था बाहेर राहणाऱ्या रेड रिव्हर मेटींचीही नोंद घेते. ओंटारियोतल्या काही समाजांच्या मान्यतेवरून या संस्थांमध्ये तीव्र मतभेद आहेत, त्यामुळे पूर्वज नेमके कुठले हे आधी शोधा. पैसे घेऊन लगेच कार्ड देणाऱ्या संघटनांपासून मात्र लांब राहा.

कागदपत्रांत भरलेला अर्ज, फोटो ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि जन्माचा मोठा दाखला लागतो. मोठा म्हणजे आईवडिलांची नावं असलेला. पाकिटात मावणारा छोटा दाखला चालत नाही. मग स्वतःपासून मागे एकेक पिढी जोडत जायचं: आईचा जन्म, तिच्या आईचा जन्म, लग्न, मृत्यू. आपल्याकडे जात पडताळणीसाठी ज्यांनी वंशावळ जोडली आहे, त्यांना ही धडपड लगेच कळेल. मधली एक कडी तुटली तर पुढचा सगळा पुरावा लटकतो. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे क्री, ओजिब्वे यांसारख्या मूळ समाजांच्या, सरकारी नोंदवहीत आपलं नाव आहे का, हे तपासायला संमतीही मागतात, कारण दोन्हीकडे नोंद चालत नाही.

जुन्या पिढ्यांसाठी चर्चच्या नोंदी सर्वांत कामाच्या. विनिपेगमधल्या सेंट बोनिफेस भागातल्या इतिहास संस्थेत वंशावळी तयार करून मिळतात. विनिपेगमध्येच फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचं दप्तर आहे, त्यात नोकरांची माहिती सापडते. पण खरा खजिना म्हणजे स्क्रिपचे अर्ज. मेटींचा जमिनीवरचा हक्क मिटवण्यासाठी सरकारने 160 किंवा 240 एकरांची, वा तितक्याच डॉलरची पत्रं वाटली, तीच स्क्रिप. त्यांतली पुष्कळशी सट्टेबाजांच्या घशात गेली. तो अन्याय आहेच, पण त्या वेळच्या प्रतिज्ञापत्रांत जन्मठिकाण, आईवडील, जोडीदार, मुलं, अगदी दगावलेल्या मुलांचीही नावं आहेत. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. सुनेच्या खापरपणजीच्या अर्जावर सहीच्या जागी फुली होती. ती बघून आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.

1870 ची रेड रिव्हरची जनगणना आणि 1901 ची जनगणनाही पाहा. 1901 च्या यादीत वंशाच्या रकान्यात 'फ्रेंच ब्रीड' अशा अर्थाची आद्याक्षरं दिसतात. शब्द आज अपमानकारक वाटतो, पुरावा म्हणून मात्र मोलाचा आहे. नावांच्या स्पेलिंगवर अडून राहू नका. एकच आडनाव पाद्र्याने एका तऱ्हेने लिहिलेलं असतं, कारकुनाने दुसऱ्या. काही घराण्यांना दोन आडनावं असतात आणि मध्ये फ्रेंच 'दि', म्हणजे आपलं 'ऊर्फ'.

शोध घेताना घरातल्या वडीलधाऱ्यांवर 'लपवलंत का' म्हणून रागावू नका, ही माझी कळकळीची विनंती. 1885 मध्ये सस्कॅचवनमधल्या बटॉशची सरकारी फौजेविरुद्धची लढाई मेटी हरले आणि त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला त्यांचे नेते लुई रिएल यांना रेजायनात फाशी झाली. जमिनी गेलेली कुटुंबं पुढे रस्त्यालगतच्या सरकारी पट्ट्यांवर खोपट्या बांधून राहिली. मुलांना मारहाण आणि टोमणे नकोत, म्हणून फ्रेंच म्हणवून घेणं पुष्कळांना भाग पडलं.

या नोंदणीने कॅनडाचं नागरिकत्व किंवा इमिग्रेशनचा फायदा मिळत नाही, करमाफीही नाही. लग्नाने जोडीदाराला हक्क येत नाही, तो फक्त वंशाने. शिक्षणासाठी मदत मिळू शकते, पण शिकारीच्या हक्कासाठी वेगळी प्रक्रिया असते. आणि समाजाने स्वीकारणं ही अट असेल, तर आपणही समाजात जायला हवं. सून आता मिशिफ शिकते आहे. जुलैमध्ये बटॉशला भरणाऱ्या मेळाव्याला आम्ही सगळे गेलो होतो.

आईची नोंद झाली की मुलांचं काम सहसा सोपं होतं. नातीच्या अर्जाला आईचं नाव असलेला जन्मदाखला आणि आईच्या नोंदीचा संदर्भ जोडला. पुन्हा 1870 पर्यंत जावं लागलं नाही.