मास्क्ड आधार

मास्क्ड आधार म्हणजे आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी पहिले आठ फुल्यांनी झाकून फक्त शेवटचे चार दाखवणारे ई-आधार. नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि क्यूआर कोड नेहमीच्या कार्डासारखेच असतात. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण, म्हणजे यूआयडीएआय, ते संकेतस्थळावर मोफत उपलब्ध करून देते. सरकारी योजनेचा लाभ किंवा अनुदान घेताना पूर्ण क्रमांक द्यावा लागतो, तिथे ते चालत नाही. पण नुसती ओळख पटवायची असते तिथे ते पुरते, आणि रोजच्या आयुष्यात आपल्याकडे आधार मागितले जाते ते बहुतेक वेळा एवढ्यासाठीच.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे हे कार्ड इतके अंगवळणी पडले, की पाकिटात त्याच्या दोन-चार झेरॉक्स बाळगणे ही सवयच झाली. लॉजचे काउंटर, सिमकार्डाचे दुकान, सोसायटीचे ऑफिस, मुलांची क्लासची फी, सगळीकडे एकेक प्रत मागे राहते. आता झेरॉक्सची जागा मोबाइलने घेतली आहे. ‘आधार व्हॉट्सअ‍ॅप करा’ असे काउंटरवरचा मुलगा म्हणतो आणि आपण दोन्ही बाजूंचे फोटो त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवतो. खोली दुसऱ्या दिवशी रिकामी होते, फोटो मात्र त्याच्या गॅलरीत राहतो, बॅकअपमध्ये जातो, फोन विकला तर फोनबरोबरही जाऊ शकतो. कागदाची प्रत निदान एका फाइलीत पडून असायची. आधार दाखवणे वेगळे आणि देऊन टाकणे वेगळे, हा फरक आपण फार सहज विसरलो आहोत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आधार क्रमांक जन्मभराचा असतो.

खुद्द सरकारलाही याबाबत नेमके काय सांगावे ते एकदा ठरवता आले नव्हते. २७ मे २०२२ रोजी यूआयडीएआयच्या बंगळूरू प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढले. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी मास्क्ड आधार वापरा. यूआयडीएआयचा परवाना नसलेल्या हॉटेलांना किंवा चित्रपटगृहांना आधारच्या प्रती घेता किंवा ठेवता येत नाहीत, असे त्यात म्हटले होते. त्यावरून गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत, २९ मे रोजी, केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो, लोकांनी क्रमांक देताना नेहमीची सावधगिरी बाळगावी, असे नवे निवेदन आले. पत्रक मागे गेले तरी त्यातला सल्ला योग्यच होता, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. मास्क्ड आधारची सोयही तशीच चालू राहिली.

या सगळ्यामागे कायद्याची मोठी लढाई आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या आधारविरोधी याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या खंडपीठातील न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात १९७६ च्या जबलपूर खटल्याचा, म्हणजे आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असे सांगणारा, निकाल सदोष ठरवला. तो निकाल देणाऱ्यांत त्यांचे वडील न्या. य. वि. चंद्रचूड होते. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायमूर्तींनी आधार योजना ४ विरुद्ध १ अशा बहुमताने वैध ठरवली, पण बँक खाते आणि मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. भिन्नमत न्या. धनंजय चंद्रचूड यांचेच होते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा स्वतंत्र कायदा त्यानंतर २०२३ मध्ये झाला.

मास्क्ड आधार काढणे सोपे आहे. मायआधार पोर्टलवर क्रमांक टाकायचा, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि डाउनलोड करण्याआधी मास्क्डच्या चौकोनात खूण करायची. खूण करायची राहून गेली तर पूर्ण क्रमांकाची फाइल उतरते. बहुतेकांची चूक इथेच होते. मिळालेल्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. तुमचे नाव आणि वय ज्याला माहीत आहे त्याला ही फाइल उघडता येते, म्हणून तिच्या पासवर्डावर विसंबू नये. सायबर कॅफेत प्रिंट काढली तर त्या संगणकातून फाइल पुसावी, आणि रिसायकल बिनमधूनही.

क्रमांक झाकला तरी जन्मतारीख आणि पत्ता उघडाच राहतो, ही या सोयीची खरी मर्यादा. क्यूआर कोड स्कॅन केला तरी नाव-पत्ता दिसतोच, फक्त क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे दिसत नाहीत. म्हणून प्रत देताना जुन्या कारकुनांची पद्धत अजूनही उपयोगी पडते: कार्डाच्या चित्रावरून आडवी सही करायची आणि सहीखाली ‘फक्त अमुक कामासाठी’ असे तारखेसह लिहायचे. अशी प्रत दुसऱ्या कामाला लावणे अवघड जाते. फोटो पाठवायचा असेल तर आधी कागदावर हे लिहून मग फोटो काढावा.

पूर्ण क्रमांक देणे टाळण्यासाठी २०१८ मध्ये सोळा अंकी आभासी क्रमांकही आला. तो हवा तेव्हा बदलता येतो, पण फारसा कोणी वापरत नाही.

बोटाच्या ठशाचा गैरवापर मात्र मास्क्ड आधारने थांबत नाही. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी येत नाही. कागदपत्रांवरचे ठसे घेऊन त्यांच्या नकली प्रतींनी खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात उघड झाले आहेत. त्यावर उपाय म्हणजे यूआयडीएआयच्या अ‍ॅपमधले किंवा पोर्टलवरचे बायोमेट्रिक लॉक. ते लावून ठेवले की कोणाच्याही यंत्रावर तुमचा अंगठा चालत नाही. महाराष्ट्रात भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करायला एजंट घरी अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, तेव्हा आधी लॉक तात्पुरते उघडावे लागते. नाहीतर यंत्र ठसा नाकारत राहते, आणि एजंट ‘बोट पुसून पुन्हा लावा’ म्हणत राहतो.