प्रोसेसरचे जलशीतन

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये तयार होणारी उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाच्या साहाय्याने बाहेर नेण्याची पद्धत. बोलताना तिला वॉटर कूलिंग किंवा लिक्विड कूलिंग म्हणतात. आयबीएमच्या मोठ्या संगणकांत ती १९६० च्या दशकापासून होती. घरगुती संगणकांत ती बऱ्याच उशिरा आली. पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा सी-डॅकने उभारलेला महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो.

प्रोसेसरवर तांब्याचा वॉटर ब्लॉक बसतो. त्याच्या तळाशी अतिशय बारीक पात्या असतात. त्यांच्यामधून जाताना द्रव उष्णता घेतो, पंप त्याला रेडिएटरकडे ढकलतो आणि पंखे ती उष्णता हवेत सोडतात. पाणी समान आकारमानाच्या हवेपेक्षा तीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेते. पण ते उष्णता फक्त हलवते. शेवटी ती हवेतच जाते. त्यामुळे द्रव खोलीच्या तापमानाखाली कधीच उतरत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेतही नळ्यांवर दव धरत नाही, ते याच कारणाने. पुण्यात डिसेंबरात ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यातल्या दुपारी, त्याच कामाला, सहज ८५ च्या घरात जातो. खोली तापली तर संगणकही तापणारच. म्हणून दोन पंख्यांच्या २४० ऐवजी तीन पंख्यांचा ३६० मिमी. रेडिएटर घेण्याचा खर्च इथे वाया जात नाही.

कारखान्यातून द्रव भरून येणारा बंद संच (एआयओ, म्हणजे ‘ऑल-इन-वन’) बहुतेकांना पुरतो. तो बसवताना पंप सर्वांत उंच जागी येऊ देऊ नये. हवा वर साठते आणि पंप खुळखुळू लागतो.

स्वतः जोडलेल्या संचात खरा प्रश्न पाण्याचा. उपनगरांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी बरेचदा जड असते. त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नळावर पांढरे डाग पाडतात, तसेच ते ब्लॉकच्या पात्यांमध्ये बसतात. तिथली फट मिलिमीटरहूनही लहान, त्यामुळे थोडा थरही प्रवाह अडवतो. आरओचे पाणीही चालत नाही, कारण त्यातही थोडे क्षार उरतात. तयार कूलंट (थंड ठेवणारा द्रव), किंवा डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक द्रव्य घालून वापरावे. तांब्याच्या ब्लॉकला अॅल्युमिनिअमचा रेडिएटर जोडू नये. दोन धातू एकाच द्रवात आले की अॅल्युमिनिअम झिजू लागते.

जोडणीत घाई नडते ती द्रव भरताना. द्रवाची टाकी पंपाच्या वर हवी, कारण पंपाचे बेअरिंग द्रवावरच चालते. कोरडा पंप थोड्या वेळातही खराब होऊ शकतो. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वीजतारा काढून ठेवायच्या. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडातील हिरवी आणि काळी तार जोडून फक्त पंप चालवायचा. टाकीची पातळी उतरली की पंप बंद, पुन्हा भरणे, पुन्हा चालू. कॅबिनेट हळूहळू डावी-उजवीकडे कलते केले की रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे गुळगुळ आवाज करत टाकीकडे येतात. प्रत्येक फिटिंगखाली (नळीच्या जोडाखाली) कोरडा टिश्यू पेपर ठेवून पंप रात्रभर चालू द्यावा. सकाळी एखाद्या टिश्यूला नखाएवढा जरी ओला डाग दिसला तरी ते फिटिंग उघडून रबरी ओ-रिंग तपासावी. बऱ्याचदा ती दुमडलेली किंवा चिरलेली निघते. नुसते जोरात आवळून गळती थांबत नाही, उलट ओ-रिंग आणखी फाटते.

प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामध्ये लावायची उष्णतावाहक थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्लॉकचे स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत.

पंखे आणि वायरी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. फिटिंग आणि नळ्या मात्र अनेकदा ऑनलाइन मागवाव्या लागतात. कूलंट साधारण वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. शेजारी बांधकाम चालू असेल, तर रेडिएटरच्या जाळीतली धूळ ब्लोअरने महिन्याला काढावी आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो हवेच्या झोताने बेफाम फिरत नाही.