अभ्यागत-वक्ता राजनय : इस्लाम, लोकशाही व स्त्री-हक्क

परराष्ट्र खात्याने आपल्या देशातील अभ्यासक, विधिज्ञ, धर्मज्ञ किंवा कार्यकर्ते यांना सरकारी खर्चाने परदेशी पाठवायचे आणि तेथील विद्यापीठे, वकील संघटना, महिला संस्था व पत्रकार यांच्यासमोर त्यांची व्याख्याने घडवून आणायची, ही सार्वजनिक राजनयाची (परदेशातील जनतेशी थेट संवाद साधण्याच्या राजनयाची) एक रूढ पद्धत. वक्ता सरकारचा प्रवक्ता नसतो. बोलतो ते स्वतःचे मत. या नोंदीत प्रामुख्याने अमेरिकेच्या उपक्रमांचा विचार केला आहे, कारण इस्लाम, लोकशाही आणि स्त्रियांचे हक्क हे तिन्ही विषय त्या देशाच्या कार्यक्रमांत सर्वाधिक ठळकपणे एकत्र आले.

‘सार्वजनिक राजनय’ या संज्ञेचे जनकत्व सहसा टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलचे अधिष्ठाता एडमंड गलियन यांना दिले जाते. त्यांनी १९६५ मध्ये पत्रकार एडवर्ड मरो यांच्या नावाचे केंद्र स्थापन करताना ती वापरली. मात्र इतिहासकार निकोलस कल यांनी तिचा माग लंडनच्या ‘टाइम्स’मधील १८५६ च्या मजकुरापर्यंत नेला आहे, तेथे तिचा अर्थ जाहीर व्यवहारातील सभ्यता असा होतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी गुप्त करारांविरुद्ध भूमिका घेतल्यावर, तीच संज्ञा ‘उघड राजनय’ या अर्थाने फिरत होती. तेव्हा गलियन यांनी संज्ञा घडवली असे म्हणण्यापेक्षा तिला आजचा अर्थ दिला, असे म्हणणे अधिक ग्राह्य ठरते.

इस्लामविषयक वक्त्यांच्या परंपरेचा आरंभ कोठून धरावा, याबाबतही दोन मते आहेत. काही लेखक तो ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या काळात पाहतात. दुसरे मत प्रिन्स्टन विद्यापीठ व लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी सप्टेंबर १९५३ मध्ये भरवलेल्या इस्लामी संस्कृतीवरील परिसंवादाकडे बोट दाखवते. त्याला सरकारी माहिती यंत्रणेचे पाठबळ होते आणि मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमधील इस्लामी संघटनेचे सईद रमदान यांच्यासह काही प्रतिनिधींना अध्यक्ष आयझेनहॉवर व्हाइट हाउसमध्ये भेटले. त्या वेळी वक्ते मुस्लिम देशांतून अमेरिकेत आले होते, म्हणजे प्रवासाची दिशा उलट होती. पण विद्वत्सभेच्या रूपाने परराष्ट्र धोरणाचे उद्दिष्ट साधण्याची रीत तीच. हे दुसरे मत सयुक्तिक वाटते. साम्यवादविरोध हा तेव्हाचा गाभा होता, स्त्री-हक्क त्यात जवळपास नव्हते. ते अग्रभागी आले नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाण स्त्रियांविषयी अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी केलेल्या नभोवाणी भाषणाने आणि अमेरिकेच्या डिसेंबर २००२ च्या मध्यपूर्व भागीदारी उपक्रमाने. या उपक्रमात स्त्रियांचे सबलीकरण हे एक स्वतंत्र अंग होते.

अशा कार्यक्रमांना आधार मिळाला तो परदेशांशी माहिती व शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीविषयीच्या १९४८ च्या स्मिथ-मुंट व १९६१ च्या फुलब्राइट-हेज या कायद्यांचा. १९५३ मध्ये स्थापन झालेली युनायटेड स्टेट्स इन्फर्मेशन एजन्सी ही सरकारी माहिती यंत्रणा १ ऑक्टोबर १९९९ रोजी परराष्ट्र खात्यात विलीन झाली आणि वक्त्यांचे काम तेथील आंतरराष्ट्रीय माहिती विभागाकडे आले. २०१९ मध्ये त्या विभागाचीही पुनर्रचना झाली.

दौऱ्याची सुरुवात दूतावासाच्या जनसंपर्क शाखेच्या मागणीने होते. विषय, श्रोतृवर्ग, भाषा आणि तारखा कळवल्या जातात. मुख्यालय नावे सुचवते, दूतावास निवड करतो. वक्त्याला प्रवासखर्च, दैनिक भत्ता व मानधन मिळते. विषय जितका नेमका, तितका दौरा बरा जातो. ‘इस्लाम आणि स्त्री’ असा मोघम विषय दिला की चर्चा पोशाखावर अडकते. ‘निकाहनाम्यातील अटी’ किंवा ‘पोटगी व मुलांचा ताबा’ असा दिला की वकील व न्यायाधीश कामाचे प्रश्न घेऊन येतात. अनुक्रमिक (वक्ता थांबल्यावर बोलणारा) दुभाषा असेल तर बोलण्याचा निम्मा वेळ भाषांतरात जातो, म्हणून ४० मिनिटांचे भाषण २० मिनिटांचेच तयार करावे लागते. समकालिक (भाषण चालू असतानाच होणाऱ्या) भाषांतराला ध्वनिरोधक कक्ष आणि आळीपाळीने बोलणारे दोन दुभाषे हवेत. रमजान, परीक्षांचा काळ व शुक्रवारची दुपार टाळतात. सभागृह दूतावासाच्या आवारात असले की झडतीच्या भीतीने विद्यार्थी येत नाहीत. यजमान स्थानिक विद्यापीठ असावे, हा अनुभवाने पक्का झालेला नियम.

खरी कसोटी प्रश्नोत्तरांत लागते. विषय कोणताही असो, पॅलेस्टाईन आणि इराक येतातच. अमेरिकेने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या १९७९ च्या करारावर १९८० मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन (अंतिम मान्यता) दिलेले नाही. पाकिस्तान, तुर्कस्तान, बांगलादेश व इंडोनेशिया येथे स्त्रिया सरकारच्या प्रमुख झाल्या, अमेरिकेत एकही झालेली नाही. हे माहीत नसलेला वक्ता पहिल्या दहा मिनिटांत निरुत्तर होतो. ट्युनिशियात १९५६ पासून बहुपत्नीत्वाला बंदी आहे आणि मोरोक्कोने २००४ मध्ये कौटुंबिक कायदा बदलला. अशा ठिकाणी प्राथमिक धडे देणे श्रोत्यांना अपमानास्पद वाटते, आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर २००५ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री कॅरन ह्यूज यांनी सौदी अरेबियातील जेद्दाहच्या महिला महाविद्यालयात, तेथे स्त्रियांना तेव्हा नसलेल्या वाहन चालवण्याच्या हक्काचा विषय काढला, तेव्हा आपण सुखी आहोत असे उत्तर मिळाले व त्याला टाळ्याही पडल्या. अंकारातील महिला कार्यकर्त्यांनी त्यांना इराक युद्धाबद्दल सुनावले. ह्यूज या पदाधिकारी होत्या, अभ्यागत वक्त्या नव्हेत. अधिकारी स्वतः व्यासपीठावर आला की श्रोते धोरणाचा जाब विचारतात, हे या प्रसंगातून दिसते.

यामुळे वक्त्याचे सरकारपासूनचे अंतर हेच या पद्धतीचे भांडवल ठरते, आणि तेच वारंवार खर्ची पडले आहे. इन्फर्मेशन एजन्सीने परदेशी पाठवायचे नाहीत अशा ८० हून अधिक व्यक्तींची यादी ठेवल्याचे १९८४ मध्ये उघड झाले. तीत दूरचित्रवाणी पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट, नागरी हक्क कार्यकर्त्या कोरेटा स्कॉट किंग आणि स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन यांची नावे होती. ऑगस्ट २०१० मध्ये इमाम फैसल अब्दुल रौफ यांना बहारीन, कतार व संयुक्त अरब अमिराती येथे पाठवले गेले. त्यांच्या न्यूयॉर्कमधील नियोजित इस्लामी केंद्राचा वाद तेव्हा पेटलेला होता आणि दौऱ्याला अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) सदस्यांनी आक्षेप घेतला. वस्तुतः सरकारशी मतभेद असलेला वक्ताच श्रोत्यांना विश्वासार्ह वाटतो.

धर्माविषयी सरकारी पैशाने बोलण्यावर सरकारला धर्माचा पुरस्कार करण्यास मनाई करणाऱ्या, अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीची मर्यादा येते का, हा प्रश्न वेगळा आहे. लॅमोंट विरुद्ध वुड्स (१९९१) या खटल्यात अपील न्यायालयाने परदेशातील धार्मिक शाळांना दिलेल्या मदतीलाही ती दुरुस्ती लागू होते असे ठरवले. निकाल वक्त्यांविषयी नव्हता. तरी तो तर्क लावला, तर मुस्लिम समाजजीवन, कायदा व इतिहास यांवर बोलणे सुरक्षित ठरते. धर्माचा अमुक अर्थच खरा असे सरकारी खर्चाने सांगणे नाही.

मूल्यमापन हा सर्वांत दुबळा भाग. उपस्थितांची संख्या आणि छापून आलेली कात्रणे मोजली जातात. मतपरिवर्तन मोजणे अवघड. अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ पासून ही उणीव दाखवली. निमंत्रण एकदाच संपते की त्याच संस्थेकडून पुन्हा येते, हा साधा निकष अधिक बोलका आहे.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश कौन्सिल (१९३४) व जर्मनीत गोएथे संस्था (१९५१) वक्ते पाठवतात. तेथे यजमान सांस्कृतिक संस्था असल्याने दूतावासाची सावली कमी पडते.