पंख्याच्या पात्यावरची धूळ आणि डक्टची सफाई

सोलापूरच्या कितीतरी घरांतली पोरं आता अमेरिकेत आहेत आणि तिथले घरगुती प्रश्न व्हिडिओ कॉलवरून थेट जुळे सोलापुरात पोहोचतात. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला यातला एक हमखास येतो: "हीटिंगचे डक्ट साफ करून देतो म्हणून सारखे फोन येतायत. करून घेऊ का?" इकडे आजीचा जीव वरखाली. डक्ट म्हणजे घरभर गरम हवा नेणाऱ्या नळ्या; त्यांच्यात दहा वर्षांची धूळ साचलेली, आणि त्याच नळ्यांतून आलेली हवा नातवंडं ओढणार!

ही भीती साहजिक आहे, पण चुकीची आहे. तिचं उत्तर आपल्याच छतावर फिरतं आहे.

तिकडच्या बऱ्याच घरांत तळघरात एक भट्टी असते. तिचा ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, घरातलीच हवा ओढतो, फिल्टरमधून घेतो, तापवतो आणि पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत सोडतो. या नळ्यांत हवेचा वेग असतो साधारण सेकंदाला ३ ते ५ मीटर. आता आपला १२०० मिलिमीटरचा पंखा घ्या. मिनिटाला ३५० फेरे धरले तर पात्याचं टोक सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने हवा कापत असतं. शिवाय टोकावरच्या कणाला बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे ८० पट. तरीही दिवाळीच्या सफाईत ओलं फडकं लावल्याशिवाय पात्यावरची धूळ हलत नाही. जी धूळ ताशी ८० किलोमीटरला दाद देत नाही, ती नळीतल्या झुळकीने कशी उडावी?

ती चिकटून का राहते, हा मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

पहिली गोष्ट, कणाला वाराच लागत नाही. १९०४ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गणित परिषदेत जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी मांडलं की पृष्ठभागाला टेकलेली हवा स्थिर असते आणि तिथून वर एका पातळ थरात वेग हळूहळू वाढत जातो. नळीच्या मधोमध सेकंदाला ४ मीटरचा वेग असला, तरी भिंतीलगत मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढ्या थरात हवा अगदी संथ असते. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा कण भिंतीवर बसला असेल, तर त्याच्या उंचीवर वारा उरतो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर.

दुसरी गोष्ट, आकाराचं गणित. कण आणि पत्रा यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधली ओढ, असते, आणि ती कणाच्या व्यासाच्या प्रमाणात बदलते. वाऱ्याचा ढकलणारा जोर या संथ थरात व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, तर वजन घनाच्या. म्हणजे कण दहा पट लहान झाला की चिकटण्याचा जोर दहा पटच घटतो, पण ढकलणारा जोर शंभर पट आणि वजन हजार पट. जितका बारीक कण, तितकी पकड घट्ट. पात्यावर वजनाच्या ८० पट जोर कमी का पडतो, ते आता कळेल: या आकाराला चिकटण्याचा जोर वजनाच्या शेकडो-हजारो पट असू शकतो. अर्थात सैल पुंजके, दोरे, केस हे मोठे असल्यामुळे सुटतात. सीझनमध्ये भट्टी पहिल्यांदा पेटली की जळका वास येतो, तो मात्र नळ्यांतल्या नव्हे, तर भट्टीच्या तापणाऱ्या भागांवर साचलेल्या धुळीचा.

आणि फुप्फुसात खोल जाणारा कण? तो नळीत बसायला थांबतच नाही. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा सुमारे आठ तास. तो नळीतून सरळ पार होऊन खोलीत येतो. म्हणून पैसे घालायचे तर चांगल्या फिल्टरवर, आणि तो वेळेवर बदलण्यावर.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, हेच सांगते: डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून दरवर्षी नेमाने सफाई नको. आत बुरशी दिसत असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा वाट बुजण्याइतकी धूळ साचून खोलीत येत असेल, तर मात्र करा. अशी खरी सफाई म्हणजे मोठ्या व्हॅक्यूमने सगळ्या नळीतली हवा ओढत ठेवून ब्रशने नळी खरवडणं. नीट न केल्यास चिकटून बसलेली धूळ उलट मोकळी होते.

आता आपल्याकडेही मंगल कार्यालयं आणि हॉटेलांमधल्या डक्ट कूलरसाठी (नळ्यांतून गार हवा आत सोडणारे मोठे कूलर) ‘सॅनिटायझिंग’च्या, म्हणजे जंतुनाशक फवारणीच्या, जाहिराती फिरू लागल्यात. ९९.९ टक्के जंतू खलास म्हणे. धुळीच्या थरावर औषध फवारलं तर थर ओला होतो, एवढंच खात्रीने सांगता येईल. ओली धूळ बुरशीला फार आवडते. घरात धूप-कापूर जाळून हवा ‘शुद्ध’ करणाऱ्यांनाही सांगायला हवं, की त्या धुरातले कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. भक्ती करा, पण खिडकी उघडून.

सोलापुरात खरी काळजी धुळीची नाही, कूलरमधल्या पाण्याची. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर न्यूमोनियाने माणसं दगावली. त्यातून लिजिओनेला हा जिवाणू सापडला. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. कूलरमधून तुषार फारसे उडत नाहीत, त्यामुळे कूलिंग टॉवरएवढा (मोठ्या इमारतींच्या एसीचं पाणी गार करणारा मनोरा) धोका नाही. पण गच्चीवरच्या बंद कूलरच्या टाकीत आठवडाभर तापलेलं पाणी ठेवून, लग्नाच्या दिवशी बटण दाबायचं कशाला? डासांची सोय होते ती वेगळीच. टाकी रिकामी करून घासा आणि काम संपलं की कोरडी ठेवा. पॅडवर पांढरे क्षार चढले असतील तर हवेची वाट अडते आणि गारवा कमी होतो. त्यावर उपाय टाकीतलं थोडं पाणी रोज काढून ताजं भरणं, कारण बाष्पीभवनात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.