इतिहासलेखनातील वस्तुनिष्ठता

वस्तुनिष्ठता म्हणजे आपला काळ, जात, वर्ग आणि राजकीय मते बाजूला ठेवून इतिहासकाराने भूतकाळ मांडावा, ही अपेक्षा. भूतकाळ 'प्रत्यक्षात जसा होता तसा' दाखवायचा, अशी भूमिका जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके याने १८२४ मध्ये घेतली. पूर्ण तटस्थता मात्र कोणाच्याच आवाक्यातली नाही. कोणता प्रश्न विचारायचा इथपासूनच निवड सुरू होते, आणि दप्तरात काय जपले जाणार हे बहुधा इतिहासकाराच्या जन्माआधीच ठरलेले असते.

मुंबईतील १८९६ ची प्लेगची साथ घ्या. सप्टेंबरमध्ये मांडवीत रोग उघडकीस आला. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. सरकारी लिखाणात याचे कारण अफवा आणि अडाणीपणा. अफवा होत्याच, ते खोटे नाही. पण घरातला माणूस जबरदस्तीने रुग्णालयात नेताना कुटुंबाला काय वाटले, ऊन-वारा यावा म्हणून डोक्यावरची कौले उतरवली तेव्हा बिऱ्हाड कुठे गेले, हे त्यात सापडणे कठीण. मुंबई इलाख्याचे दप्तर काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात आहे. तिथे प्रामुख्याने साहेबाची बाजू मिळते. देशी वृत्तपत्रे ताडून पाहावीत, तर तीही शिकलेल्यांचीच. कामगार त्यांत क्वचितच स्वतः बोलतो.

तरीही 'ज्याचा त्याचा इतिहास' म्हणून हात झटकणे चूक आहे. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांची मते ठाम होती आणि प्रस्तावनांतून ती ठणकावून येतात. पण १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या २२ खंडांत त्यांनी मूळ कागद छापले. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष खोडायचे तर त्यांनीच पुढे ठेवलेल्या पुराव्याने खोडता येतात. माणसाला साधणारी वस्तुनिष्ठता ती हीच.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कामगारांच्या आणि खानावळी चालवणाऱ्या बायकांच्या तोंडून हा इतिहास पुढे नोंदवला गेला, हे फार मोलाचे काम. मात्र गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले पाहिल्यावर आधीच्या आठवणीही बदलतात. म्हणून त्या मालकांच्या हिशेबांशी ताडाव्या लागतात, आणि हिशेब त्या आठवणींशी. गिरण्यांबाहेरच्या यंत्रमागांची स्पर्धा संपाआधीपासूनच होती, हे कामगारांची बाजू घेणाऱ्याने नोंदवायला हवे. संपानेच गिरण्या बुडवल्या म्हणणाऱ्याने तर आधी.