घरघंटीची जाहिरात आणि फोनचे कान

गेल्या रविवारी विश्रामबागला काकांकडे भडंग खात बसलो होतो. गिरणीत दळणाला ताटकळायला लागतं म्हणून काकू कुरकुरत होती आणि अर्ध्या तासात काकांच्या फोनवर घरघंटीची जाहिरात! काका म्हणाले, "बघ, म्हणत नव्हतो? सगळं ऐकतंय हे."

मी तिथंच हिशोब मांडला. फोन दिवसभर ऐकून आवाज बाहेर पाठवत असेल, तर तो भरपूर दाबून (म्हणजे फाइल लहान करून) सेकंदाला २४ हजार बिट धरले तरी तासाला दहा-अकरा एमबी होतात, म्हणजे जागेपणीच्या १६ तासांचे १७० एमबी, रोज. दीड जीबीच्या पॅकमध्ये ते लपणार कुठं? बरं, फोनमध्येच बोलण्याचं लिखाण करत बसला तर बॅटरी दुपारीच बसेल. 'हे सिरी' (ॲपलच्या फोनमधल्या बोलक्या मदतनिसाला मारायची हाक) ऐकणारा भाग एवढाच शब्द ओळखतो, म्हणून तो थोडक्या विजेवर चालतो. तोही चुकतो म्हणा, सिरी न बोलावता जागी होऊन खासगी बोलणं रेकॉर्ड करते या दाव्यात ॲपलने २०२४ च्या शेवटी ९.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आरोप मात्र नाकारले. अमेरिकेत नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप माईक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनचंच रेकॉर्डिंग बाहेर पाठवत होती, ते सापडलं!

मग घरघंटी आली कुठून? खरी गंमत वायफायमध्ये आहे. घरात चार फोन असले तरी बाहेरच्या जगाला सहसा राउटरचा एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घर नंबर म्हणा) दिसतो. आता रोज रात्री त्याच पत्त्यावरून तेच चार फोन दिसले की जाहिरातवाले ताडतात, हे एक घर. एकानं काही शोधलं की जाहिरात दुसऱ्याच्या फोनवरही टाकून बघायची.

मी वहिनीला विचारलं तर ती हसायलाच लागली. दुपारी तिनंच तीन घरघंट्यांच्या किमती बघितलेल्या, कारण काकूची कुरकुर ती आठवडाभर ऐकत होती.

आणि त्याच दिवशी काकांना बुटांची, कर्जाची, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात दिसली त्याचं काय? ती कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्योतिषाची दुकानं याच्यावरच तर चालतात!

काकांच्या फोनमधला जाहिरातींचा आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो नंबर) मी सेटिंगमध्ये जाऊन डिलीट करून दिला. जाहिराती काही थांबल्या नाहीत, आता त्यांना लहान मुलांच्या डायपरच्या येतात.